वायरमन मामा, माझा उजेड दिसला होता का?

मामा,

लाइट आली आणि तुम्ही गेलात. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आत्या हेच सांगतात. दुपारी जेवण करून तुम्ही बाजेवर आडवे झालात तेव्हा आपल्या झरी गावात लाइट नव्हती. घटकाभरानं पंखा फिरायला लागला. लाइट आली की "आली!" म्हणून ओरडायचा मान आपल्या घरात तुमचाच. नोकरीत होतात तेव्हा तुम्हीच ती सोडायचात म्हणून, आणि निवृत्त झाल्यावर सवय सुटली नाही म्हणून. त्या दिवशी तुम्ही ओरडला नाहीत. आत्या चुलीपासून म्हणाल्या, "आली की ओ! झोपलाव का?" मग बाहेर येऊन बघितलं. "लाइट आली अन् ह्या माणसानं डोळा उघडला न्हाई," त्या सांगतात, "तितंच मला कळलं."

मी इकडं कोइमतूरला. आपल्या विहिरीवरची मोटर ज्या गावात बनते त्या गावात. तुमचे चिरंजीव पॅकिंगला आणि मी वाइंडिंगच्या टेबलावर, तांब्याची तार गुंडाळायला. हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्ही अख्ख्या झरीला सांगून ठेवलं होतं की मोटर बिघडली तर आधी बघा माझ्या सुनेच्या हातची आहे का, तिच्या हातची असली तर दोष विहिरीचा.

तुम्हाला माहीत नाही ते हे. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात आमच्या सुपरवायझर बाई म्हणाल्या, तार गुंडाळणं पुरे झालं, आता टेस्टिंगच्या टेबलावर ये. तिथं तयार मोटरीत करंट सोडून बघतात. मी आजवर बंद तारेलाच हात लावलेली बाई. मी म्हणले, घरी विचारून सांगते. घरी म्हणजे तुम्हाला. पण त्याआधी तुम्हाला आणखी एक विचारायचं होतं, लय दिवसांपासून राहिलेलं. आधी ते विचारायचं, मग हे, असं मनात जुळवत होते, तर आत्यांचाच फोन आला.

आता तेरावा करून आम्ही परत आलोय. बाईंना सोमवारी उत्तर पाहिजे. म्हणून लिहायला बसले. नववीत शाळा सुटली, त्यामुळं कागद दिसला की हात अडखळतो. पण तुम्ही तरी कुठं मोठे लिहिणारे होतात. गावच्या डीपीवर, ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर, खडूनं लिहायचात, "हात लावू नये, मरशील."

खरं तर तुमच्याशी सरळ बोलायची मला सवयच नाही. आपल्याकडं सासूला आत्या, सासऱ्याला मामा म्हणायचं आणि मामाशी बोलायचं नाही. तुम्ही पडवीत, मी डोक्यावर पदर घेऊन दाराआड, आणि मधे आत्या. तुम्ही म्हणायचात, "त्यांना विचार, चहा मिळंल का." मी म्हणायचे, "त्यांना सांगा, ठेवलाय." चुलीवरचा चहा दोघांनाही दिसत असायचा. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, आत्या म्हणजे आपल्या दोघांतली डीपी आहे. इकडून हायटेन्शन लाइन येते, तिकडं घरात वापरण्याजोगी होऊन जाते. आत्या म्हणाल्या, "अन् डीपी जळली म्हंजी? मग बसा दोघंबी अंधारात."

फ्यूजची तार बांधायलाही तुम्ही मला तसंच शिकवलंत. भिंतीकडं तोंड करून. "तार लय ताणू न्हाई. लय ढिली बी ठेवू न्हाई. टोकाला पीळ द्यावा," असं भिंतीला समजावून सांगायचात आणि मी दाराआड बसून बांधायचे. भिंत काही शिकली नाही. मी शिकले. आज त्याच्यावरच माझं पोट आहे.

सुयांचं खूळ तुमच्या डोक्यात घातलं ते खांद्यानं. जन्मभर खांबावर चढून उजवा खांदा असा आखडला होता की शर्टही आत्यांनी घालून द्यायचा. परभणीला कुठल्याशा ॲक्युपंक्चरच्या शिबिरात कुणीतरी तुमच्या हातापायाला सुया लावल्या, आणि तुम्ही झरीला बसमधून उतरलात ते उजवा हात वर करूनच. गल्लीतून तसेच चालत आलात. लोकांना वाटलं, वायरमन इलेक्शनला उभा राहायलाय.

मग दर रविवारी परभणीला शिकायला जाणं सुरू झालं. सरावाला माणूस मिळेना. ज्याला त्याला आपली कातडी प्यारी. म्हणून दुधी भोपळा घेतलात. पडवीत भोपळा मांडीवर, त्याच्यावर आत्यांच्या करंड्यातल्या कुंकवाचे ठिपके. चिमटीत सुई धरायची, टोचायची, हलकेच वळवायची आणि डोळे मिटून थांबायचं.

"राह्यलं का त्याचं डोकं दुखायचं?" आत्या विचारायच्या.

"गप. हात बसायलाय."

"हात बसू द्या. पण सुया आठवणीनं काढा. मागल्या भाजीत तुमच्या लेकाच्या दाताला लागली."

लोक विचारायचे, हे चिन्यांचं तुला काय कळतंय रे? तुम्ही म्हणायचात, ह्याच्यात न कळण्यासारखं काय आहे. "अंगात लाइनी हायेत. डोक्यापसून पायापर्यंत. जागोजाग फ्यूज हायेत. एक उडला की पुढची सगळी वस्ती अंधारात. मी काय करतो? फ्यूज टाकतो." अंगठा आणि शेजारच्या बोटामधला मऊ खड्डा, तो तुमचा मेन स्विच. पण एक होतं मामा, तुम्ही कधी शहाणपणा मिरवला नाहीत. कुणी छातीत दुखतंय म्हणत आला, तर पिशवीला हातही न लावता, "हे सबस्टेशनचं काम हाय," म्हणून त्याला गाडीवर बसवून दवाखान्यात पाठवायचात.

माझ्याही छातीत धडधडायचं. परभणीच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, काळीज ठणठणीत आहे, काळजी फार आहे. काळजी मला जन्माचीच. दूध उतू जाईल याची काळजी मी दूध आणायच्या आधी करते. गॅस बंद केला का ते बघायला पोखर्णीच्या, म्हणजे माझ्या माहेराच्या, निम्म्या वाटेवरून परत आलेली बाई मी. आत्यांनी माझी केस तुमच्यासमोर मांडली. तुम्ही भिंतीला म्हणालात, पायाच्या अंगठ्याजवळ एक ठिकाण आहे, तिथं सुई लावावी लागेल. आणि घरात गहजब झाला.

"सुनेच्या पायाला हात लावणार तुमी?"

"सुई हाय ती. नमस्कार करायलो का मी?"

"गावात कळलं तर? सासरा सुनेच्या पायाशी बसलाय म्हणतेल!"

"मग तू लाव."

"मला येती का?"

शेवटी वायरमनचाच तोडगा निघाला. इतर लोक खिशाला पेन लावतात, तसा तुमच्या खिशाला कायम टेस्टर. तो काढलात. हातभर लांब बसलात, तोंड भिंतीकडं केलंत, आणि हात मागं करून टेस्टरच्या टोकानं जागा दाखवायला लागलात. सुई आत्यांच्या हातात.

"जरा खाली. अजून. तिथं न्हाई, ते हाड हाय."

"तोंड भिंतीकडं अन् मला हाड दाखवायलाव!"

"हाडं पाठ हायेत मला."

"खाली म्हंजी माझ्या खाली का तिच्या खाली?"

आत्यांनी गोधडीला टाका घालावा तशी सुई घातली. मी ओरडले. तुम्ही दचकलात आणि टेस्टर आत्यांच्या कानात गेला. मग आत्या ओरडल्या. मला जे हसू सुटलं मामा, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना, आणि हसता हसता धडधड कधी राहिली ते कळलंच नाही. तुम्ही भिंतीला सांगितलंत, "बघा, लाइन चालू झाली." धडधड सुईनं थांबली की हसण्यानं, हे मला अजून माहीत नाही. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "लाइट आली ना? मग कोणत्या फीडरवरून आली ते इचारू न्हाई."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग उजेडाचं आलं.

एका रविवारी परभणीहून आलात ते चपलेसकट पडवीत चढलात. तुमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं की जिवंत पेशींतून उजेड निघतो. माणूस, झाड, मोड आलेला हरभरा, जे जे जिवंत त्याच्यातून, पण लय मंद. शास्त्रज्ञांनी गुडुप अंधाऱ्या खोलीत खास कॅमेरे लावून तो टिपलाय. आणि सुई लावायची जी ठिकाणं आहेत, तिथून तो जरा जास्त निघत असावा असं काही जणांना वाटतं, अजून पक्कं झालेलं नाही. हे सगळं मला आता असं नीट माहीत आहे, कारण नंतर मी मोबाइलवर बघितलं. तेव्हा आमच्यापर्यंत पोचलं ते वेगळंच. ‘असावा’, ‘काही जणांना’ आणि ‘अजून पक्कं नाही’ एवढं सामान तुम्ही परभणीच्या स्टँडवरच विसरून आला होतात.

"माणूस पेटलेला हाय!" तुम्ही पडवीतून जाहीर केलंत.

आत्या पाण्याची घागर घेऊन धावत आल्या. "कोन पेटलं? कुठं?"

"सगळे. तू बी."

आत्यांनी घागर खाली ठेवली आणि पदर झटकून बघितला.

आणि आठवड्याच्या आत तुम्हाला तो उजेड दिसायलाच लागला. दिवस मावळताना माणसाला उंबऱ्यावर बसवायचं, त्याच्या पाठीमागं आतल्या खोलीतला बल्ब लावायचा, आणि तुम्ही अंगणात बाजेवर बसून डोळे बारीक करून बघायचं. उंबऱ्यावर! पाहुण्यांचं लेकरू टेकलं तरी आत्या खेकसायच्या. "दिवेलागणीला उंबऱ्यावर माणूस? लक्ष्मीनं काय त्याच्या मांडीवर पाय देऊन यावं?"

तुम्ही म्हणालात, "त्यांच्या माहेरच्या देवाला इचार." माझ्या माहेरचा देव म्हणजे पोखर्णीचा नरसिंह. "ना घरात, ना बाहेर. ना दिवसा, ना रातच्याला. एवढं मोठं काम, अंगणात करता आलं नसतं का? देवानं उंबराच का धरला? उंबऱ्यावर माणूस नीट दिसतो!"

"देवानं तिथं राक्षस फाडला," आत्या म्हणाल्या. "तुमी काय करायलाव, किसनआबाला फाडायलाव?"

किसनआबा आपले शेजारी. सगळ्यात आधी तेच उंबऱ्यावर बसले. गुडघा दाखवायला आले होते बिचारे. तुम्ही लांबून न्याहाळलंत आणि म्हणालात, "आबा, डोक्याभोवती कडं हाय. पिवळं. लय झकास. पण डाव्या अंगाला व्होल्टेज कमी वाटायलंय." आबा गुडघा विसरले. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून हजर. "आता?"

महिन्याभरात निम्मी झरी आपल्या उंबऱ्यावर बसून गेली. कुणाची ट्यूबलाइट, कुणाचा झिरोचा बल्ब. जावाजावांत भांडणं लागली. एका शेतकऱ्याचा उजेड त्याच्या सालगड्यापेक्षा कमी निघाला, तर त्यानं सालगड्याला आपल्या शेजारी बसवून पुन्हा मोजायला लावलं. एका घरून तर निरोप आला, आमच्या पोरीला बघायला येणाऱ्या पोराचा उजेड तेवढा गुपचूप बघून ठेवा. सगळे हसायचे, आणि सगळे यायचे.

माझा मात्र तुम्ही कधी बघितला नाहीत. सुनेला समोर बसवून टक लावून बघायचं, हे तुम्हालाही जमलं नसतं. मी दाराआडून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, बरंच आहे. नववीतून शाळा सुटलेली, सदा भ्यालेली बाई. असल्या घराला मीटरच बसवलेलं नसतं.

मग मोतीबिंदूचं शिबिर आलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, दिव्याभोवती कडं दिसतं का?" तुम्ही छाती काढून म्हणालात, "दिव्याभोवतीच का? माणसाभोवती बी दिसतं." त्यांनी तिथल्या तिथं नाव लिहून घेतलं.

दोन्ही डोळे झाले. काळा चष्मा उतरायच्या दिवशी किसनआबा दुपारपासूनच येऊन बसले. दिवस मावळला, बल्ब लागला, आबा उंबऱ्यावर ताठ बसले. तुम्ही चष्मा काढलात. बघितलंत. पुढं सरकून बघितलंत. आबांनी घाबरून विचारलं, "गेला का काय?"

"आबा," तुम्ही म्हणालात, "दाढी करत जा."

त्यानंतर तुम्ही कुणाला उंबऱ्यावर बसवलं नाही. सुया चालूच होत्या. खांदे, कंबरा, गुडघे येत होते. पण उजेडाचं कुणी काढलं की म्हणायचात, "सध्या लोडशेडिंग हाय." तुम्ही जरा गप गप झालात, एवढं माझ्याही लक्षात आलं होतं. का, ते नाही आलं.

ह्यांचं कोइमतूरचं ठरलं ते त्यानंतर. कंपनीत बायकांनाही काम आहे, दोघांनी यायचं. मी म्हणले, मी नाही. तिथली भाषा येत नाही, शिक्षण नाही, हातून काही बिघडलं तर? धडधड परत आली. हात असे थरथरायचे की भाकरी थापताना तिचा नकाशा व्हायचा. बांधलेलं गाठोडं मी सोडून ठेवलं.

त्या संध्याकाळी तुम्ही अंगणातून म्हणालात, "त्यांना म्हणावं, उंबऱ्यावर बसा."

आत्या लाटणं हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या. "कुणाला?"

"त्यांना."

मी बसले. पदर नाकापर्यंत. बल्ब लागला. मला वाटलं तुम्ही बाजेवरून बघाल. तुम्ही उठून जवळ आलात, समोर भुईवर मांडी घातलीत. टेस्टर काढला नाहीत. भिंतीकडं बघितलं नाहीत. माझा उजवा हात तुमच्या हातात घेतलात आणि अंगठ्यानं मेन स्विच दाबलात. आणि एकदम हात झटकून मागं कोसळलात.

"आर्र तिच्या! काय करंट हाय!"

करंट लागलेल्या माणसाला लाकडानं सोडवायचं, हे तुम्हीच आत्यांना शिकवलेलं. त्यांनी मागचापुढचा विचार न करता लाटणं तुमच्या मनगटावर हाणलं. तुम्ही खरंच कळवळलात. मी घाबरून उभी राहिले, पदर पडला, आणि मनगट चोळत तुम्ही थेट माझ्याकडं बघून म्हणालात, "मंदा, लय उजेड हाय तुझ्या हातात. जा बिनघोर."

मधे डीपी नाही. भिंत नाही. पहिल्यांदा नाव घेऊन.

मी इथं आले ती त्या वाक्यावर. गाडीत बसले, ती त्या वाक्यावर. पहिल्या दिवशी टेबलावर तार दिली आणि पुढं काय ते तमिळमधून सांगितलं, तेव्हा मी टेबलाखाली अंगठा मेन स्विचवर दाबून बसले होते. तार ताणू नये, ढिली ठेवू नये, टोकाला पीळ द्यावा. हातांना भाषा लागली नाही.

इथं आल्यावर फोनवर मात्र आपण सरळ बोलायला लागलो. फोनला पदर लागत नाही. तुम्ही विचारायचात, आज कितीच्या मोटरी केल्या, म्हणजे किती हॉर्सपॉवरच्या. मी विचारायचे, गुडघे कुणाचे आले होते. आणि एका रविवारी मी तो उजेडाचा व्हिडिओ बघितला आणि मला शहाणपण सुचलं.

"मामा, तो उजेड डोळ्याला दिसतच नाही म्हणे. डोळ्याला कळंल त्याच्यापेक्षा कितीतरी मंद असतो."

"कुणाच्या डोळ्याला?"

"कुणाच्याच."

"त्यांनी अंधारात बघितलं. मी उंबऱ्यावर बघितलं."

"मामा, तुम्हाला मोतीबिंदू होता. त्याच्यात दिव्याभोवती कडं दिसतं. तुम्ही माणसाच्या मागं बल्ब लावायचात."

फोनमधून पंख्याची करकर येत होती.

"मग किसनआबाचा बी?"

"आबांचा बी."

"अन् दाढी?"

"दाढी खरी होती."

तुम्ही हसलात. मोठ्यानं नाही, नाकातून. मग म्हणालात, "बरं, ठेवतो. आबाला सांगू न्हाई. त्याला बरं वाटतंय." माझं म्हणणं मान्य केलंत की नाही, ते काही सांगितलं नाहीत.

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात बल्ब फुटला. तुम्ही माझा हात धरलात तो ऑपरेशन झाल्यावर. तेव्हा तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू नव्हता. म्हणजे माझा उजेड मोतीबिंदूचा नव्हे. आणि खरा उजेड तर डोळ्याला दिसत नाही, हे आत्ताच मी तुम्हाला पटवलं होतं. मग राहिलं काय? थाप. मला गाडीत बसवायला मारलेली थाप. माझ्याच व्हिडिओनं माझीच लाइन तोडली होती. त्यानंतर दर रविवारी वाटायचं विचारावं. मी कापसाचं विचारायचे. पावसाचं विचारायचे. आत्यांच्या कंबरेचं विचारायचे. विचारलं आणि तुम्ही "थापच होती गं" म्हणालात, तर सोमवारी मी कोणत्या हातांनी तार धरायची?

तेराव्याला किसनआबा गुळगुळीत दाढी करून आले होते. पंगत उठली, दिवस कलला, आणि ते कुणाला न विचारता जाऊन उंबऱ्यावर बसले. आत्यांनी बघितलं आणि आतला बल्ब लावला. लक्ष्मीचं नाव काढलं नाही.

पाहुणे पांगल्यावर भांडी आवरता आवरता मी विचारलंच. "आत्या, मामांना माझा उजेड खरंच दिसला होता का?"

आत्या पातेलं घासत होत्या. "मी त्याच दिशी इचारलं की. लाटण्यानं मनगट टम्म सुजलं होतं, हळद लावायलते. म्हणलं, खरं सांगा, काही दिसलं का? तर म्हणले, काही न्हाई दिसलं. आप्रेशन झाल्यापसून कुणाचंच दिसत न्हाई."

माझ्या हातातलं ताट खाली पडायचंच राहिलं.

"मग म्हणलं, लेकराला खोटं का बोललाव? तर मलाच वरडले. म्हणले, खोटं कसं? चालू तार अन् बंद तार दिसायला सारखीच असती. चाळीस वर्सं खांबावर काढले, बघून कधी कळलं न्हाई. हात लावावा लागतो. पोरीचा हात धरला तर थरथरायलता. बंद तार कधी थरथरती का, म्हणले."

आत्यांनी पातेलं उपडं केलं. मग पदराच्या गाठीतून टेस्टर काढून माझ्या हातात दिला. "घे. मला काय करायचाय. माझ्या कानात घातलावता त्यांनी."

मामा, ज्या थरथरीला मी जन्मभर लाजले, ती लपवायला हात पदराखाली धरले, ती तुम्ही एकदा हातात घेतलीत आणि तिला करंट म्हणालात. हे मला विचारायचं होतं, आणि उत्तर तुम्ही केव्हाच देऊन ठेवलं होतं, फक्त डीपीतून यायला वेळ लागला. उपकार म्हणायला जीभ वळत नाही. सुनेनं सासऱ्याला असलं काही म्हणायची रीतही नाही. भिंतीकडं तोंड करून म्हणू का?

आज रविवार आहे. दिवस मावळताना मी आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. समोरच्या अक्का लगेच तमिळमधून ओरडल्या. मला तमिळ अजून नीट येत नाही, पण शब्द न् शब्द कळला. आत्याच बोलत होत्या.

दाराशेजारीच बोर्ड आहे. तुम्ही गल्लीतल्या पोरांना सांगायचात ते आठवलं, नुसतं टोक आत घालून टेस्टरचा दिवा लागत नाही. मागच्या टोपीवर माणसाचं बोट लागतं. करंट माणसातून जातो, इतका बारीक की त्याचा त्यालाही कळत नाही, तेव्हा तो लागतो. मी तुमच्या घरात इतकी वर्षं काढली, पण कधी बोट लावलं नव्हतं. आज टोक बोर्डात घातलं. हात थरथरत होता. थरथरू दिला. अंगठा टोपीवर ठेवला.

लागला, मामा. नारिंगी. हरभऱ्याच्या दाण्याएवढा. अंगठा काढला की जातो, ठेवला की येतो. डोळ्यांना चांगला दिसतो, मोतीबिंदू नसलेल्या डोळ्यांना. उद्या बाईंना सांगते, येते टेस्टिंगला.

मी एकदम ओरडले, "आली!"

आतून तुमचे चिरंजीव म्हणाले, "गेली कवा होती?"